मोफत डेटाबेस आवृत्त्या : विकसनाची मुभा आणि प्रत्यक्ष वापराची मर्यादा

प्रस्तावना : डेटाबेसचा इतिहास बहुधा तंत्राच्या अंगाने लिहिला जातो, परवान्यांच्या इतिहासाकडे तुलनेने कमी लक्ष जाते. वस्तुतः एखादी प्रणाली शिकण्यासाठी वापरता येणे आणि तीच संस्थेच्या दैनंदिन कारभारासाठी वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रयोगशाळेत शिकवण्यासाठी बसवलेला डेटाबेस पुढे प्रवेशाच्या वा परीक्षेच्या नोंदींसाठी वापरात येतो, तेव्हा हा भेद सहज विसरला जातो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ओरॅकल व मायक्रोसॉफ्ट यांच्या मोफत आवृत्त्यांच्या आधारे या भेदाचा मागोवा घेतला आहे.

ओरॅकलने पूर्ण क्षमतेच्या आवृत्त्या विकसकांना विनामूल्य उतरवून घेऊ दिल्या. त्यांत काही कापलेले नव्हते. मात्र त्यांचा उपयोग प्रणाली रचण्या-तपासण्यापुरताच करता येई. मायक्रोसॉफ्टची वाट निराळी होती. एसक्यूएल सर्व्हर ७.० च्या पिढीत आलेले एमएसडीई हे मोफत इंजिन प्रत्यक्ष कामास चालत असे, परंतु डेटाबेस २ गिगाबाइटपलीकडे वाढत नसे. एमएसडीई २००० मध्ये तर एकाच वेळी ८ हून अधिक कामे आली की इंजिन मुद्दाम संथ केले जाई. एकीकडे पूर्ण सामर्थ्य पण कामास मनाई, तर दुसरीकडे कामास मुभा पण सामर्थ्यास लगाम, अशी ही स्थिती होती.

एमएसडीई अनेक तयार सॉफ्टवेअरांच्या पोटात दडून येत असल्यामुळे आपल्या संगणकावर डेटाबेस आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या स्लॅमर या विषाणूने हे उघड केले. त्यावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. पण ज्याचे अस्तित्वच माहीत नाही त्याची दुरुस्ती कोण करणार?

दरम्यान मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल यांचा प्रसार वाढत होता आणि त्यांत विकसन व प्रत्यक्ष वापर असा भेदच नव्हता. २००५-०६ मध्ये एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, ओरॅकल एक्सई आणि आयबीएमची डीबी२ एक्सप्रेस-सी लागोपाठ अवतरल्या, त्या या पार्श्वभूमीवर. पहिल्या दोहोंस १ प्रोसेसर, १ गिगाबाइट स्मृती व ४ गिगाबाइट विदा अशी मर्यादा होती. डीबी२ ने विदेच्या आकारावर बंधन घातले नाही. एक्सई प्रत्यक्ष कामात वापरण्यास परवाना आड येत नव्हता. तथापि ओरॅकल २००५ पासून सशुल्क ग्राहकांना दर तिमाहीस सुरक्षा-दुरुस्त्या देत असताना एक्सईला त्या मिळत नसत, आणि तिची पुढची आवृत्ती आली ती थेट २०११ मध्ये. परवान्याने दिलेली मुभा देखभालीअभावी किती पोकळ ठरते, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

पूर्ण क्षमतेच्या विकसन-आवृत्तीचा धोका याच्या उलट होता. एसक्यूएल सर्व्हरच्या डेव्हलपर आवृत्तीत एंटरप्राइझची सर्व वैशिष्ट्ये असत. तीत तक्त्यांचे विभाजन वापरून रचलेला २००८ च्या पिढीतील डेटाबेस स्टँडर्ड आवृत्तीवर सुरूच होत नसे. दोष कार्यक्रमात नसे, खरेदीत असे. आणि तो कळे तो काम सुरू करण्याच्या दिवशी. मार्च २०१६ मध्ये डेव्हलपर आवृत्ती मोफत झाली व त्याच वर्षी नोव्हेंबरात विभाजनासह बहुतेक रचनाविषयक वैशिष्ट्ये एक्सप्रेसपर्यंत खुली करण्यात आली. ओरॅकलनेही २०१८ च्या एक्सईमध्ये विभाजन दिले, विदेची मर्यादा १२ गिगाबाइट केली. दुरुस्त्या मात्र तेव्हाही दिल्या नाहीत.