दम लागला की पाय का थांबतात

हुबळीच्या दुर्गदबैलात आमचं मिरचीचं दुकान. बाजाराच्या दिवशी आजोबा पोतं उचलत आणि दहा पावलांवर थांबत. धाप तर लागेच, पण पायच उचलत नाहीत, असं ते म्हणत. आम्हाला ती म्हातारपणाची तक्रार वाटायची. पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकताना कळलं, आजोबा शब्दशः खरं बोलत होते.

ते कोडं उलगडलं अवतारसिंग पेंटल यांनी. 1925 साली ब्रह्मदेशात जन्म, लखनौला वैद्यकीय शिक्षण, एडिंबरोला संशोधन. मांजराच्या व्हेगस नसेचे तंतू सुटे करून एकेका तंतूतला संदेश टिपायचं त्यांचं काम केवढं चिकाटीचं! 1955 मध्ये त्यांनी फुप्फुसातल्या अशा संवेदक टोकांची नोंद केली, ज्यांना पुढे 'जे-रिसेप्टर' हे नाव मिळालं. ही टोकं केशवाहिन्यांना लागून असतात. फुप्फुसात रक्त किंवा पाणी साचलं की ती चेततात, श्वास उथळ आणि जलद होतो. पेंटल यांचं म्हणणं असं, की हाच प्रतिक्षेप हातापायांच्या स्नायूंनाही आवरतो. 1970 मध्ये देशपांडे आणि देवानंदन या संशोधकांनी मांजरांवर ते दाखवलं: ही टोकं चेतवली की स्नायूंचे प्रतिक्षेप मंदावतात.

दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक म्हणून पेंटल यांनी दीर्घकाळ काम केलं. 1981 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, 2004 मध्ये गेले.

घरातलं कुणी दोन पायऱ्यांवर थांबलं तर त्याला आळशी म्हणू नका, छाती तपासून घ्या.