पक्षाघातानंतरची वाणी

मेंदूच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाला म्हणजे उजवे अंग लुळे पडते आणि पुष्कळदा त्याबरोबर वाचाही जाते. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये पॅरिस येथे ज्या रुग्णाच्या मेंदूवरून वाचेचे स्थान दाखविले, त्याला ‘टान’ यापलीकडे फारसे काही उच्चारता येत नसे; त्याचा उजवा हातही निकामी झालेला होता.

हाताच्या साहाय्याला यंत्र लवकर आले. गुस्ताव झांडर याने १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. पुढे १९८९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत यंत्रमानवाचा एक बाहू सिद्ध होऊ लागला. रुग्णाचा हात त्याला बांधतात. पडद्यावरील खुणेकडे हात वळेना, तर यंत्र हवा तेवढाच रेटा देते, आणि हे शेकडो वेळा, न कंटाळता. तथापि ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो उत्साह आवरणारा होता. नेहमीच्या उपचारांहून या यंत्राने हाताची कार्यक्षमता अधिक सुधारली, असे आढळले नाही.

यंत्राची एक सोय मात्र मान्य केली पाहिजे. त्याला रुग्णाची भाषा यावी लागत नाही. परदेशी बनलेला बाहू म्हैसुरातही तसाच चालेल. वाचेचे तसे नाही, आणि म्हणूनच म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेचे महत्त्व. ९ ऑगस्ट १९६५ रोजी केंद्र सरकारने ती स्थापिली. जमीन महाराज जयचामराज वडियार यांनी दिली. इमारतीची कोनशिला १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते बसली. तरुणपणी याच शहरातील महाराजा कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवीत असत.

वाचोपचाराच्या कसोट्या मात्र इंग्रजीत घडलेल्या होत्या. इंग्रज रुग्णाचे व्याकरण ढासळले, की नामामागची छोटी उपपदे गळतात. कन्नडला किंवा मराठीला तशी उपपदे नाहीतच. येथे विभक्तीचे प्रत्यय चुकतात. नुसता अनुवाद करून भागणार कसे? म्हैसूरच्या अभ्यासकांनी अशी एक प्रसिद्ध पाश्चात्त्य कसोटी कन्नडच्या प्रकृतीनुसार नव्याने बसविली. पाणी मागता न येणारा रुग्ण तोंडपाठ पाढे किंवा आरती धडाधड म्हणतो, हा अनुभवही उपचारकाला पारखून घ्यावा लागतो; पाठांतर सुटले म्हणजे बोलणे सुटले असे नाही.

त्यात आपल्याकडचे बहुभाषिक घर! रिबो याने १८८१ मध्ये म्हटले होते की आधी शिकलेले शेवटी टिकते. पीत्र याने १८९५ मध्ये सांगितले की सर्वांत सवयीची भाषा आधी परतते. म्हैसुरातील एखाद्या मराठी घरात वृद्ध गृहस्थ पत्नीशी मराठी, शेजाऱ्यांशी कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलत आलेले असतात. त्यांना पहिला शब्द कोणत्या भाषेत विचारावा, हे घरच्या माणसांशी बोलल्यावाचून उपचारकाला ठरविता येत नाही.