जबड्याचा सांधा : बंधनापासून पट्टीपर्यंत

भंडाऱ्याची पितळेच्या भांड्यांबद्दलची ख्याति जुनी आहे. कढईचा कान एकाच खिळ्यानें जडविला, तर तो कांहीं दिवसांनीं त्या खिळ्याभोंवतीं फिरूं लागतो. दोन खिळे मारले म्हणजे जागचा हालत नाहीं. कारागिराच्या हातांतलें हें साधें तत्त्व मनुष्याच्या मोडलेल्या जबड्यास लागू करण्यास शस्त्रवैद्यकाला मात्र फार काळ लागला.

जबड्याचा सांधा कानाच्या पुढें असतो. खालच्या जबड्याचें वरचें टोंक तेथें खोबणींत बसतें, आणि त्या टोंकाखालची मान बारीक असते. मनुष्य हनुवटीवर पडला कीं आघात हाडांतून वर चढतो व कित्येकदां ती मानच मोडते. तुटलेलें टोंक स्नायूच्या ओढीनें पुढें व आंत सरकतें; मग दांतांस दांत मिळत नाहींत.

हा सांधा निखळला असतां शेकून, जागीं बसवून, पंचांगी नांवाच्या बंधानें बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. मोडलेल्या जबड्याचे दांत सोन्याच्या तारेनें एकमेकांस बांधण्याची युक्ति ग्रीक वैद्य हिपोक्रॅटीस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत आढळते. १८८७ सालीं अमेरिकेंतील गिल्मर यानें वरचे व खालचे दांत तारेनें एकत्र जखडण्याची रीत मांडली. तिनें हाड जुळून येई; पण रोग्यास कित्येक आठवडे पातळ अन्नावर राहावें लागे, आणि हालचालीवांचून सांधा आंखडण्याची भीति असे.

१९७० नंतर फ्रान्समध्यें मिशेले व शांपी यांनीं लहान पट्ट्या व स्क्रू यांचा उपयोग रूढ केला. धातु जाड असण्यापेक्षां तो योग्य जागीं असावा, हें शांपी यांच्या पद्धतीचें मर्म होय. चावतांना हाडाची एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते. पट्टी ताणाच्या बाजूस हवी. सांध्याच्या मानेजवळ मागची कड दाबली जाते व पुढची, खांचेखालची कड ताणली जाते, असें मेयर व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रयोगानें दाखविलें. केवळ मागच्या कडेस एकच पट्टी बसविली, तर पुढची बाजू उघडते व पट्टी वांकते किंवा तुटते. म्हणून शक्य तेथें दोन पट्ट्या बसवितात : एक मागें, एक खांचेखालीं. कढईच्या कानाचे दोन खिळे ते हेच.

तथापि प्रत्येक मोडीस शस्त्र लागत नाहीं. चेहरा हालविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा तेथूनच जातात. लहान मुलांत तर बहुधा शस्त्रावांचून, तोंडाच्या व्यायामानेंच उपचार होतो. मात्र दुखापत ओळखलीच नाहीं, तर मुलाच्या सांध्याचीं हाडें एकजीव होऊन तोंड उघडेनासें होण्याचा व जबड्याची वाढ खुंटण्याचा धोका असतो. भंडाऱ्याहून सुमारें ६० किलोमीटरांवर नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. पण तेथवर जाण्याची गरज प्रथम घरींच ओळखावी लागते. मूल हनुवटीवर पडलें, तर जखम शिवून घेऊन थांबूं नये. तोंड पुरतें उघडतें कीं नाहीं, दांत पूर्वीप्रमाणें जुळतात कीं नाहीं, आणि कानापुढें दुखतें काय, हेंहि पाहावें.