रिता खजिना आणि न्यायासन

राज्याची तिजोरी बंद झाली म्हणजे न्यायानेंही थांबावें काय? मंजुरीवांचून खर्च करूं नये, हा अमेरिकेंतील जुना दंडक. १९८० सालीं महान्यायवादी सिव्हिलेटी यांनीं त्याचा कडक अर्थ लावला. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या खंडांत संघीय न्यायालयें शुल्काच्या शिलकीवर निभावलीं. २०२५ सालीं ती शिल्लक १७ ऑक्टोबरपर्यंतच पुरली. पुढें फौजदारी खटले चालले, सेवक बिनवेतन राबले. न्यायाधीशांचें वेतन मात्र राज्यघटनेनेंच सुरक्षित राखिलें आहे. परंतु सरकारी वकिलांस काम करण्याची मनाई असल्यामुळें कित्येक दिवाणी दावे तहकूब झाले. खंड सरकारनें पाडावा आणि तिष्ठावें मात्र दाद मागणाऱ्यानें! म्हणूनच कांहीं न्यायाधीशांनीं अशी तहकुबी नाकारली, हें योग्यच झालें.