चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र

जानेवारी १९६५ मध्ये बार्बरा रॉब उत्तर लंडनमधल्या फ्रायर्न हॉस्पिटलात ओळखीच्या एका वृद्ध बाईंना भेटायला गेल्या. बाई ओळखू येईनात. केस आखूड कापलेले, चष्मा नाही, कवळी नाही, कानाला यंत्र नाही. वॉर्डातल्या इतर म्हाताऱ्यांचीही थोडीफार हीच गत.

फ्रायर्न म्हणजे १८५१ साली उघडलेलं कोल्नी हॅचचं मनोरुग्णालय. विसाव्या शतकाच्या मध्याला अशा जुन्या इमारती म्हाताऱ्यांनी भरून गेल्या होत्या. आजारापेक्षाही घरी सांभाळणारं कुणी नाही, हेच कित्येकांच्या मुक्कामाचं खरं कारण होतं. अनेकजण तिथून परत आलेच नाहीत.

चष्मा किंवा कवळी काढून घेणं मारहाणीइतकं भयंकर वाटत नाही. पण ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि धड बोलताही येत नाही, तो तक्रार करणार कशी? त्याचं वागणं गोंधळलेलं दिसतं, मग तो भ्रमिष्ट ठरतो. एकदा भ्रमिष्ट ठरला की त्याने केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही. रॉब यांनी या दुष्टचक्रावर नेमकं बोट ठेवलं. त्या पुन्हा पुन्हा भेटायला गेल्या आणि पाहिलेलं सगळं डायरीत टिपत राहिल्या.

नोव्हेंबर १९६५ मध्ये 'द टाइम्स'मध्ये एक पत्र छापून आलं. अशा वॉर्डांतले अनुभव ज्यांना ठाऊक असतील त्यांनी कळवावेत, असं रॉब आणि इतर मान्यवरांनी त्यात म्हटलं होतं. शेकडो उत्तरं आली. नातेवाइकांनी लिहिलं, नर्सनीही लिहिलं. त्यातूनच १९६७ साली 'सान्स एव्हरीथिंग' हे पुस्तक निघालं. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मधल्या म्हातारपणाच्या वर्णनावरून हे नाव घेतलेलं. शिवीगाळ आणि मारहाण स्वतः पाहिलेल्या कर्मचाऱ्यांचे जबाब त्यात होते.

आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांनी चौकशी लावली, पण समित्या नेमल्या त्या प्रादेशिक हॉस्पिटल मंडळांनी, म्हणजे ज्यांच्या कारभाराबद्दल तक्रार होती त्यांनीच. १९६८च्या श्वेतपत्रिकेने बहुतेक आरोप निराधार ठरवले. नोकरी धोक्यात घालून बोललेल्या नर्सवर हा उघड अन्याय होता.

मात्र त्याआधीच, ऑगस्ट १९६७ मध्ये, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या छळाची बातमी दिली होती. हे हॉस्पिटल मतिमंदांसाठी होतं. तिथल्या चौकशीचे प्रमुख होते जेफ्री हाऊ, पुढे थॅचर यांचे अर्थमंत्री झाले तेच. रुग्णांशी क्रूर वागणूक, त्यांच्या वाट्याच्या अन्नाची चोरी, तक्रार करणाऱ्यांची गळचेपी, असं सगळं अहवालात आलं. तो अहवाल संपूर्ण छापायचा की सारांशावर भागवायचं, यावर बरीच ओढाताण झाली. नवे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी मार्च १९६९ मध्ये तो पूर्ण प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बाहेरून हॉस्पिटलांची पाहणी करणारी 'हॉस्पिटल ॲडव्हायजरी सर्व्हिस' उभी राहिली. ज्यांना खोटं ठरवलं गेलं होतं, त्या रॉब यांची बाहेरून पाहणी व्हावी ही मागणी अशी मान्य झाली.

आरोग्यसेवेबद्दलच्या तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, म्हणजे ओम्बुड्समन, १९७३ साली आला. डॉक्टरांच्या उपचारविषयक निर्णयांची चौकशी मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. रॉब १९७६ साली वारल्या. डॉक्टरांचे उपचारविषयक निर्णय ओम्बुड्समनच्या कक्षेत यायला १९९६ साल उजाडावं लागलं.