फिलिबस्टर : बेंगळुरूच्या विधानसौधातील वेळकाढू चर्चा आणि सुधारणेचा प्रश्न

फिलिबस्टर : एखाद्या प्रस्तावावरचे मतदान टळावे किंवा लांबावे म्हणून विधिमंडळातील चर्चा मुद्दाम ताणत नेण्याचा डावपेच. मराठी वृत्तपत्रांत यासाठी ‘वेळकाढूपणा’ किंवा ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ असे शब्द रूढ आहेत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये हे अल्पमतातल्या पक्षाचे हत्यार आहे. भारतात बोलण्याची वेळ अध्यक्ष ठरवतात, त्यामुळे अध्यक्षांनी मुभा दिल्याशिवाय कोणाही सदस्याला चर्चा ताणता येत नाही. भारतीय विधिमंडळांतील या प्रकाराचे ठळक उदाहरण जुलै 2019 मध्ये बेंगळुरू येथे कर्नाटक विधानसभेत घडले. मुख्यमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांच्या विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा तेव्हा कामकाजाचे चार दिवस चालली.

व्युत्पत्ती व पूर्वपीठिका : हा शब्द मूळ डच भाषेतला असून त्याचा अर्थ लुटारू. स्पॅनिशमार्गे तो इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निकाराग्वात घुसून सत्ता बळकावणारा विल्यम वॉकर याच्यासारख्या अमेरिकन साहसवीरांना फिलिबस्टर म्हणत. सभागृहाचा वेळ लुटणाऱ्यांना पुढे तेच नाव चिकटले.

सिनेटने 1917 मध्ये चर्चा थांबवण्याचा नियम केला. त्यासाठी आधी दोनतृतीयांश मते लागत, 1975 पासून शंभरांपैकी 60 लागतात. स्ट्रॉम थर्मंड यांनी 1957 मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटे भाषण केले. 2025 मध्ये कोरी बुकर 25 तास 5 मिनिटे बोलले आणि थर्मंड यांचा विक्रम मोडला. मात्र बुकर यांचे भाषण कोणतेही विधेयक अडवण्यासाठी नव्हते. नेमणुकांच्या बाबतीत 60 मतांची अट 2013 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी 2017 मध्ये गेली. विधेयकांसाठी ती कायम आहे. मतदानहक्काच्या विधेयकापुरता हा नियम बदलण्याचा प्रयत्न जानेवारी 2022 मध्ये 48 विरुद्ध 52 मतांनी फसला.

ब्रिटनमध्ये आयरिश सदस्यांनी 31 जानेवारी 1881 रोजी सुरू झालेली हाउस ऑफ कॉमन्सची बैठक सलग 41 तास लांबवली. अखेर अध्यक्ष हेन्री ब्रँड यांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवून प्रस्ताव मताला टाकला. चर्चा बंद करण्याचा नियम ब्रिटिश संसदेत त्यानंतर आला आणि भारतीय सभागृहांनी तो तिथूनच उचलला.

भारतातील नियम : संविधानाच्या अनुच्छेद 208 नुसार प्रत्येक राज्याचे विधिमंडळ आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. अनुच्छेद 189 नुसार निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने होतो. कार्यपद्धतीतील अनियमिततेचे कारण देऊन कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे अनुच्छेद 212 सांगतो.

लोकसभेत सदस्य चर्चा बंद करण्याची सूचना मांडू शकतो. अनुदानाच्या मागण्यांवर तर ‘गिलोटिन’ चालते, म्हणजे शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मताला जातात. त्यामुळे भारतात लांब भाषणापेक्षा गोंधळ हीच अडवणुकीची नेहमीची रीत आहे. मार्च 2018 मध्ये आंध्र प्रदेशातील पक्षांनी दिलेल्या अविश्वास ठरावाच्या नोटिसा दिवसेंदिवस पुढे सरकल्या नाहीत. सभागृह शांत असल्याशिवाय ठरावाला पाठिंबा देणाऱ्या 50 सदस्यांची मोजणी करता येत नाही, असे कारण अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी दिले. महाजन यांनीच पुढच्या अधिवेशनात ठराव दाखल करून घेतला आणि 20 जुलैला तो एका दिवसात निकाली निघाला.

बेंगळुरूतील पूर्वघटना : बहुमत केव्हा आणि किती वेळात सिद्ध करायचे, हा वाद बेंगळुरूला नवा नव्हता. 21 एप्रिल 1989 रोजी एस. आर. बोम्मई यांचे सरकार बरखास्त झाले. सभागृहात बहुमत दाखवण्याची त्यांची तयारी असूनही त्यांना ती संधी मिळाली नाही. त्या बरखास्तीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 1994 रोजी सांगितले, की बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहातच व्हायला हवी. मे 2018 मध्ये राज्यपाल वजुभाई वाला यांनी बी. एस. येडियुरप्पा यांना बहुमतासाठी 15 दिवस दिले होते. न्यायालयाने ही मुदत 19 मे रोजी दुपारी 4 वाजेपर्यंत आणली आणि येडियुरप्पा यांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. पहिल्या प्रसंगी वेळ मिळालाच नाही, दुसऱ्या प्रसंगी दिलेला वेळ कापला गेला, 2019 च्या तिसऱ्या प्रसंगी तो ताणला गेला.

जुलै 2019 चा विश्वासदर्शक ठराव : काँग्रेस व जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांच्या आघाडीतील आमदारांनी जुलैच्या सुरुवातीस राजीनाम्यांचा सपाटा लावला. बंडखोर मुंबईत पवईच्या एका हॉटेलात उतरले. 10 जुलै रोजी त्यांची मनधरणी करायला गेलेल्या मंत्री डी. के. शिवकुमार यांना पोलिसांनी दारातच अडवले. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राजीनाम्यांचा निर्णय अध्यक्ष के. आर. रमेश कुमार यांच्यावर सोपवला, पण बंडखोरांना सभागृहात येण्याची सक्ती करता येणार नाही, असेही बजावले.

18 जुलैला कुमारस्वामी यांनी ठराव मांडला. काँग्रेसचे विधिमंडळ नेते सिद्धरामय्या यांनी लगेच हरकतीचा मुद्दा काढला. आमदारांवर सक्ती नाही म्हटल्यावर पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने पक्षाला दिलेल्या व्हिपच्या (पक्षादेशाच्या) अधिकाराचे काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचा उलगडा होईपर्यंत मतदान नको, अशी त्यांची मागणी होती. त्यातच कागवाडचे काँग्रेस आमदार श्रीमंत बाळासाहेब पाटील यांचे प्रकरण उभे राहिले. मिरजेच्या शेजारच्या या मतदारसंघाचे आमदार बेंगळुरूऐवजी मुंबईच्या रुग्णालयात दाखल होते. त्यांना पळवून नेल्याचा आरोप सत्ताधाऱ्यांनी केला आणि खाटेवर पडलेल्या पाटलांची छायाचित्रे सभागृहात दाखवली. आपण छातीत दुखू लागल्याने दाखल झालो, असे सांगून पाटलांनी आरोप फेटाळला. या गदारोळात दिवस सरला आणि उपाध्यक्षांनी सभागृह तहकूब केले.

भाजपचे आमदार मात्र जागचे हलले नाहीत. येडियुरप्पांसह त्यांनी उश्या व चादरी मागवून ती रात्र विधानसौधातच काढली. सकाळी उपमुख्यमंत्री जी. परमेश्वर त्यांच्या न्याहारीची व्यवस्था पाहायला आले. रात्री ज्यांच्याशी खडाजंगी झाली, त्यांच्याबरोबर ते न्याहारीला बसलेही.

राज्यपालांनी 19 जुलै रोजी दुपारी दीड वाजेपर्यंत बहुमत सिद्ध करण्यास मुख्यमंत्र्यांना लेखी कळवले. ती वेळ टळल्यावर त्याच दिवशी मतदान उरकावे, असे दुसरे पत्र आले. कुमारस्वामी यांनी त्याची ‘दुसरे प्रेमपत्र’ अशी संभावना केली. सभागृहाचे कामकाज केव्हा संपवायचे, हे राज्यपालांनी सांगावे काय, हा आता चर्चेचा नवा विषय झाला. वाला हे स्वतः गुजरात विधानसभेचे माजी अध्यक्ष, त्यामुळे दोन्ही खुर्च्यांच्या मर्यादा त्यांना ठाऊक असणार. मतदान झालेच नाही आणि सभागृह सोमवारवर गेले.

22 जुलैला अध्यक्षांनी व्हिपचा अधिकार शाबूत असल्याचा निर्णय दिला, तरी भाषणे मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चालली. दोन अपक्षांनी तातडीच्या मतदानासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते, पण न्यायालयाने त्याच दिवशी सुनावणी घेतली नाही. अखेर 23 जुलैच्या संध्याकाळी कुमारस्वामी यांचे उत्तराचे भाषण झाले आणि शिरगणती झाली. ठरावाच्या बाजूने 99, विरुद्ध 105. एका नामनियुक्त सदस्यासह 225 जणांच्या सभागृहात 20 सदस्य गैरहजर होते. त्यांपैकी 15 जण राजीनामे दिलेले होते.

परिणाम : चार दिवसांत एकही बंडखोर परतला नाही, म्हणजे ज्या आशेने वेळ काढला जात असल्याचा विरोधकांचा आरोप होता, ती फळली नाही. पण अध्यक्षांनी 25 व 28 जुलै अशा दोन टप्प्यांत 17 आमदारांना अपात्र ठरवले. पहिल्या टप्प्यातील तिघांपैकी रमेश जारकीहोळी (गोकाक) व महेश कुमठळ्ळी (अथणी) हे दोघे बेळगाव जिल्ह्यातले, तर कागवाडचे पाटील दुसऱ्या टप्प्यात अपात्र ठरले. नवे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी 29 जुलैला आवाजी मतदानाने विश्वास मिळवला आणि त्याच दिवशी रमेश कुमार यांनी अध्यक्षपद सोडले.

‘श्रीमंत बाळासाहेब पाटील विरुद्ध अध्यक्ष, कर्नाटक विधानसभा’ या नावाने ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 13 नोव्हेंबर 2019 रोजी लागला. अपात्रता कायम राहिली, परंतु विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास घातलेली बंदी रद्द झाली. 5 डिसेंबरच्या पोटनिवडणुकांत 15 पैकी 12 जागा भाजपने जिंकल्या. बेळगाव जिल्ह्यातील वरील तिघेही त्या पक्षातर्फे निवडून आले.

महाराष्ट्राशी तुलना : नोव्हेंबर 2019 मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिवसच नव्हे, तर वेळ आणि पद्धतही ठरवून दिली. 27 नोव्हेंबरला सायंकाळी 5 पर्यंत, गुप्त मतदान न घेता आणि थेट प्रक्षेपण करून चाचणी घ्या, असा तो आदेश होता. फडणवीस यांनी आदल्या दिवशीच राजीनामा दिला. 2022 मध्ये उलटा प्रकार दिसला. एकनाथ शिंदे यांनी 30 जूनला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि 4 जुलैला 164 विरुद्ध 99 मतांनी विश्वास मिळवला. शिवसेनेतील फुटीनंतरच्या अपात्रतेच्या अर्जांवर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय मात्र 10 जानेवारी 2024 रोजी आला. बेंगळुरूत मतदान रेंगाळले आणि अपात्रतेचा निकाल पाच दिवसांत लागला. मुंबईत मतदान झटपट झाले आणि अपात्रतेचा निकाल दीड वर्ष रेंगाळला. दोन्हीकडे घड्याळाची किल्ली पीठासनाकडे होती.

रद्द की सुधारणा? : सिनेटमधील फिलिबस्टर रद्द करा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की निवडून आलेल्या बहुमताला कारभार करू न देणे ही लोकशाहीची थट्टा आहे. तो ठेवा म्हणणाऱ्यांच्या मते निसटत्या बहुमताला चाप लावणारे काहीतरी हवेच. कर्नाटकात प्रश्न वेगळा होता. तिथे अल्पमत बहुमताला थोपवत नव्हते. बहुमत आहे की नाही, हेच मोजायचे लांबवले जात होते. कायदे अडवण्यासाठी केलेल्या भाषणाच्या बाजूने जे बोलता येते, ते सरकारचे आयुष्य वाढवण्यासाठी केलेल्या भाषणाच्या बाजूने बोलता येत नाही.

आघाडीची बाजू पोकळ होती, असेही नाही. ‘ऑपरेशन कमळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोडाफोडीची नोंद सभागृहाच्या कामकाजात व्हावी, व्हिपचा अर्थ स्पष्ट व्हावा, अशी त्यांची मागणी होती. पक्षांतर आधी पचले आणि जाब नंतर विचारला गेला, तर दहावी अनुसूची कागदावरच राहते. म्हणून चर्चा गुंडाळणे हा उपाय नव्हे. चर्चेला आधी जाहीर केलेला शेवट हवा.

जर्मनीच्या संविधानात विश्वासदर्शक ठराव आणि त्यावरील मतदान यांत 48 तासांचे अंतर सक्तीचे आहे. तिथे घाईला लगाम आहे. भारतात त्याच्या जोडीला दिरंगाईलाही लगाम लागतो. अपात्रतेच्या अर्जांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये साधारण तीन महिन्यांची मर्यादा सुचवली. ती नियमांत आली आणि विश्वासदर्शक ठरावाच्या मतदानाची वेळ चर्चा सुरू होतानाच जाहीर करणे बंधनकारक झाले, तर राज्यपालांच्या पत्रांची आणि न्यायालयाच्या आदेशांची गरज बरीच कमी होईल.

यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. लोकसभेच्या नियम 198 प्रमाणे अविश्वास ठरावासाठी दिवस मुक्रर होतात आणि ठरलेल्या वेळी अध्यक्षांना तो ताबडतोब मताला टाकावाच लागतो. विश्वासदर्शक ठरावासाठी मात्र त्या नियमावलीत स्वतंत्र नियम नाही. तो सर्वसाधारण प्रस्ताव म्हणूनच मांडला जातो.