दस्तऐवजाचें रूप आणि त्यांतील सत्य

व्यापारांतील कागदाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. तो रीतसर लिहिलेला असावा आणि त्यांतील मजकूर खरा असावा. संगणक यांपैकीं पहिली परीक्षा कशी घेऊं लागला व दुसरी कोणाकडे राहिली, हें एक्सएमएलच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

१९६९ सालीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीचे चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी हे वकिलांच्या कचेऱ्यांतील दस्तऐवज संगणकावर हाताळण्याच्या उद्योगास लागले. मजकूर कसा दिसावा हें सांगण्याऐवजीं तो काय आहे हें खुणेनें सांगावें, ही त्यांची युक्ति. तिच्यांतून १९८६ सालीं एसजीएमएल हें आंतरराष्ट्रीय प्रमाण झालें. पण त्याचा पसारा फार मोठा होता. जॉन बोसाक यांच्या नेतृत्वाखालीं १९९६ मध्यें त्याचें आटोपशीर रूप करण्यास आरंभ झाला आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजीं एक्सएमएल प्रसिद्ध झालें.

त्या काळीं वेबपानें दाखविणारे ब्राउझर चुकलेल्या खुणा अंदाजानें सावरून घेत. पान वाचण्यापुरतें तें चाललें. परंतु बिलांतील रकमेचा अंदाज कोण करूं देईल? म्हणून नियम झाला कीं, उघडलेली खूण बंद केलेली नसेल तर वाचणाऱ्या पार्सरनें चूक कळवावी व मजकूर पुढें देणें थांबवावें.

तरीहि ‘तारीख’ या खुणेंत ‘उद्यां’ असें लिहिलें, तर बांधणींत दोष निघत नाहीं. जुन्या डीटीडी नियमपत्रकांत खुणांचा क्रम सांगतां येई. मजकूर आकडा आहे कीं तारीख, हें सांगतां येत नसे. २ मे २००१ रोजीं संमत झालेल्या एक्सएमएल स्कीमानें ती उणीव भरून काढली. नग पूर्णांक असावा, शून्याहून अधिक असावा, अशा अटी घालतां येऊं लागल्या. आपल्याकडेहि २०११ पासून ठराविक कंपन्यांना आपला ताळेबंद एक्सबीआरएल या एक्सएमएलवर आधारलेल्या पद्धतीनें सरकारास सादर करावा लागूं लागला.

परंतु व्याकरणशुद्ध वाक्य खोटें असूं शकतें. गोदामांत १० नग आले आणि बिलांत १०० लिहिले, तरी स्कीमा तें बिल वैध ठरवितो. त्याचें काम रूप तपासण्याचें. माल मोजून पाहण्याचें काम अद्यापि माणसाचेंच आहे.